वाचणारी आणि आवळणारा

जळगाव, ७ सप्टेंबर

अमृत,

आपल्या अंगणातली ती लोखंडी बादली तुला आठवते का? उलटी घातली की माझी खुर्ची व्हायची. मी दहावीत, तू सातवीत. माझ्या मांडीवर फियाटचं जाडजूड इंग्रजी पुस्तक, त्याच्या पानांना ग्रीसचा वास, आणि तू बॉनेटच्या आत कमरेपर्यंत वाकलेला. आबा शेजारी चहाची बशी धरून उभे. आबांचं इंग्रजी कापसाच्या जिनिंगच्या कागदांपुरतं, तुझं त्याहून कमी, म्हणून वाचायचं काम कॉन्व्हेंटमध्ये जाणाऱ्या पोरीकडे. सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे मी स्वल्पविरामाला थांबून, पूर्णविरामाला श्वास घेऊन वाचायचे, आणि तू आतून ओरडायचास, "अक्का, कविता म्हणू नको, आकडा सांग!"

बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा मी वाचणारी, तू आवळणारा. पुढे तू बँकेत लागलास, मी शाळेत, तरी इंजिनाचं हेड उतरलं की आपण दोघं तिथेच.

हे पत्र पोस्टाने पाठवतेय, कारण फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस असं रूपालीकडून कळलं. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, हे एक बरं आहे.

रूपाली, तुझी मुलगी, माझ्याशी चोरून बोलते हे तुला माहीत असेल. नसेल तर आता झालं. गेल्या महिन्यात म्हणाली, "आत्या, लग्नाच्या दिवशी मला आजोबांच्या गाडीतून मांडवात जायचंय."

मी म्हटलं, "अगं, ती गाडी बारा वर्षं माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. मांजरीची चौथी पिढी नांदतेय आत."

"मग मांजरांना सांग, वऱ्हाड येतंय."

हा तिचा तोंडाळपणा तिच्या आईकडचा नाही, आपल्या घराण्याचा आहे. मग विचारते, "बिघडलंय तरी काय?" मी सांगितलं, हेड गॅसकेट. ते काय असतं? म्हटलं, इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ तांब्याचा पत्रा असतो. आग, पाणी आणि तेल त्याच्यातल्या भोकांमधून अगदी शेजारी-शेजारी राहतात. त्यांनी एकमेकांच्या घरात शिरू नये, एवढंच त्याचं काम. ते नीट बसलं नाही की गाडी उकळते. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे पारोळ्याला जे झालं, ते."

तिलाही माहीत आहे, अमृत. तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि त्या गाडीत तुझ्या शेजारी बसलेली होती.

तर गाडी उघडली आहे. झुलाल नावाचा मिस्त्री आहे इथे, त्याचं गॅरेज माझ्या घरापासून जवळ. त्याने काल हेड उतरवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधली जी चिंचोळी पट्टी असते, तिथे गॅसकेट जळलेलं. काळी रेघ थेट पाण्याच्या भोकापर्यंत. "अक्का, आठेच फुटनं हाई," म्हणाला आणि ते कचऱ्यात टाकायला निघाला. मी काढून घेतलं. शेडमध्ये खिळ्याला अडकवलंय.

रागाने अडकवलंय, असं समज. आबा गेले त्या दिवशी तू धुळ्याहून याच गाडीने, महिनाभर आधी दसऱ्याला आपण हेड बसवलेल्या गाडीने, निघालास, पारोळ्याला ती उकळली, आणि तू स्मशानात पोचलास तोवर ज्वाळा माणसाच्या उंचीच्या झाल्या होत्या. दिवस मावळत होता, भाऊबंद घाई करत होते, मडकं मी धरलं. तू माझ्यासमोर आलास आणि विचारलंस, "दसऱ्याला आकडा कोणी वाचला होता?" मी म्हटलं, "आणि आवळलं कोणी होतं?"

त्यानंतर आपण बोललेलो नाही. माझे यजमान गेले तेव्हाही तू आलास, दारापाशी उभा राहिलास आणि तसाच गेलास. चप्पलसुद्धा काढली नव्हतीस.

मला लग्नाचं आमंत्रण नाही हे मला माहीत आहे. मागतही नाही. पण गाडी दुरुस्त झाली तर ती धुळ्याला कोणीतरी पोचवावी लागेल, आणि झुलालला मी हायवेवर सोडणार नाही. तेव्हा मी येईन ती ड्रायव्हर म्हणून. सोबत आईला आणीन. गाडी चाललीच नाही, तर रूपाली येऊन आईला बसने घेऊन जाईल आणि मी इथे मांजरांजवळ राहीन.

आत्याची पहिली हळद असते वगैरे मी काही म्हणत नाही.

अक्का

जळगाव, १८ सप्टेंबर

अमृत,

माणसाने गाडी दुरुस्त करावी की मिस्त्री, असा प्रश्न पडलाय.

नवीन गॅसकेट मालेगावच्या एका जुन्या दुकानातून आणवलं. परवा झुलाल ते बसवायला आला. मी पुस्तक घेऊन बसले. बादली आता प्लास्टिकची मिळते, ती माझ्या वजनाला पुरत नाही, म्हणून स्टूल. मी वाचलं: पृष्ठभाग साफ करा, बोल्टची भोकं कोरडी करा, मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेर बाहेर जा, तीन वेळा फिरून थोडं थोडं आवळा.

झुलाल म्हणाला, "अक्का, पुस्तक लिखनारानी कधी गाडी खोली व्हती का?"

मग त्याने त्या गॅसकेटला दोन्ही बाजूंनी शेलॅक, म्हणजे लाखेचं चिकट रोगण, फासलं. फासलं म्हणजे काय, खापरावरच्या पुरणपोळीला जावयासाठी तूप थापावं तसं थापलं. मी म्हटलं, "यात लिहिलंय, कोरडं बसवायचं." म्हणाला, "कोरडं कसं जाई, अक्का? काही तं ओलं पायजे."

आवळायला सुरुवात कुठून, तर डाव्या कोपऱ्यातून. पंगतीत वाढायला निघाल्यासारखा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. मी ओरडले, मधून घे, नाहीतर पत्रा एका बाजूला दबतो आणि दुसरीकडे फुगतो. तर म्हणतो, फिरून तर सगळीकडे येणारच आहे ना. बरं, किती जोर लावतोस ते दाखवणारा टॉर्कचा पाना आहे का तुझ्याकडे? त्याने हाताची मूठ माझ्या नाकासमोर धरली. "मन्हा हातच मीटर शे."

आई ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. चौऱ्याऐंशीची झाली, पण शेडमध्ये काय चाललंय हे तिला हवंच असतं. ती म्हणाली, "जोरमां आवळ रे भो, मन्हा अंडोरकडे जानं शे." तिचा अंडोर, लेक, म्हणजे तू, याची आठवण करून देते.

गाडी सुरू झाली. आईने टाळ्या वाजवल्या. झुलालने माझ्याकडे असं बघितलं की मी पुस्तक पदराखाली घेतलं. मग मी त्याला शेजारी बसवून गाडी बाहेर काढली आणि बांभोरीच्या पुलापर्यंत गेले. पुलावर पाण्याचा काटा लाल रेघेला टेकला. मागे पांढरी वाफ. बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढली, तर तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा.

"सेट व्हई जाई, अक्का."

"काय सेट होईल रे? पाणी तेलात गेलंय, झुलाल. ते काय आपोआप माघारी येणार आहे?"

ट्रॅक्टरने ओढून आणावी लागली. पुन्हा उघडल्यावर कळलं, गॅसकेट उलटं बसवलं होतं. त्याच्यावर इंग्रजीत 'टॉप' असं ठळक छापलेलं असतं. चौदा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढून मला ती तीन अक्षरं दिसली नाहीत, कारण तीही शेलॅकखाली. उलटं बसल्यामुळे पाण्याचं एक भोक बंद, दुसरं अर्धं उघडं. एवढा खटाटोप करून मालेगावहून आणलेला पत्रा गेला. एकदा दाबला गेला की तो पुन्हा वापरता येत नाही.

पुलावर ट्रॅक्टरची वाट बघत उभी होते तेव्हा ट्रक जवळून जायचे आणि गाडी हलायची. मला वाटलं, तू पारोळ्याला असाच उभा असशील. हातात रिकामा डबा, शेजारी सोळा वर्षांची पोर, आणि पुढे अजून अर्धा रस्ता.

पण मी हे लिहिणार नव्हते.

झुलालने दुसरं गॅसकेट मागवलंय. तो म्हणतो, दसऱ्यापर्यंत येईल. आबांचा टॉर्कचा पाना तुझ्याकडे आहे हे मला माहीत आहे. मागत नाही, फक्त सांगतेय.

अक्का

जळगाव, २६ सप्टेंबर

अमृत,

एसटीचं पार्सल मिळालं.

पाना आहे. आबांच्या त्या निळ्या टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळलेला, वर वर्तमानपत्र, वर सुतळी. मी टॉवेल दोनदा झटकला. वर्तमानपत्र उलटसुलट बघितलं. एक ओळ नाही. अरे, 'पाना' एवढं तरी लिहायचंस! तीही तसदी नाही.

पान्याला ताजं तेल लावलेलं होतं. काटा शून्यावर होता. म्हणजे तू तो वापरत नसलास तरी बघतोस, हे मी समजले. तुझ्या बोलण्यापेक्षा तुझं पॅकिंग बरं, असंच म्हणायचं का आता?

मी पार्सल उघडत होते तेव्हा आई ओट्यावरून विचारायला लागली, "कोन उनं? अमृत उना का?"

"नाही आई. अमृतचा पाना आलाय."

"जेवना का तो?"

"पाना जेवत नाही, आई."

"अमृत जेवना का, ते इचारी राहिनू."

मला कसं माहीत असणार तू जेवलास की नाही? तिला रोज हेच उत्तर द्यायचं आणि रोज तिने माझ्याकडे असं बघायचं, की जणू मीच तुझं ताट वाढलेलं नाही.

झुलालने पाना हातात घेऊन वजन बघितलं. "हाई तं तराजू शे, अक्का. पाना नही." मी त्याला भंगारातल्या एका ठोकळ्यावर सराव करायला लावला. त्याला म्हटलं, आधी तुझ्या हाताच्या मीटरने आवळ, मग पाना लावून बघ. प्रत्येक बोल्टला वेगळा आकडा आला. झुलालने घाम पुसला आणि निदान केलं, "पाना खराब शे."

मी म्हटलं, "हा पाना माझ्या वडिलांचा आहे." तर लगेच कानाला हात लावला आणि पान्याला नमस्कार केला. आता तो त्याला खराब म्हणत नाही, पण विश्वासही ठेवत नाही.

रूपालीचा फोन होता. म्हणाली, "पप्पा तुझी पत्रं वाचतात, आत्या. कपाटात ठेवतात. पण काही बोलत नाहीत. म्हणजे नाही असंही म्हणत नाहीत." ही तुझी बाजू मांडायची पद्धत असेल, तर वकील चांगला मिळालाय तुला.

टॉवेल मी ठेवून घेतलाय. तो परत येणार नाही.

अक्का

जळगाव, ३ ऑक्टोबर

अमृत,

हे पत्र एकट्याने वाच. आणि उभा असशील तर बस.

काल दसरा. यंदा गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी. झुलालचं गॅरेज बंद, पण हेड बसवायचं ते हत्यारांच्या पूजेच्या दिवशीच, असा त्याचा हट्ट. पांढरा शर्ट घालून आला. या वेळी सगळं मी म्हणेन तसं केलं. ठोकळ्यावरचं जुनं शेलॅक खरवडून काढलं, पोलादी पट्टी आडवी ठेवून पृष्ठभाग सपाट आहे का ते बघितलं, बोल्टची भोकं हवा मारून कोरडी केली. गॅसकेट कोरडं, सरळ बाजूने, 'टॉप' वर. मी तो शब्द मोठ्याने वाचला. झुलालनेही वाचला. दोघांचंही समाधान झालं.

चहा आणायला म्हणून मी आत गेले. परत येते तर काय?

आई शेडमध्ये उभी, हातात पूजेचं तबक. झुलाल तिच्या शेजारी डोक्याला रुमाल बांधून. चारही पिस्टनवर आपट्याची पानं. गॅसकेटवर ओल्या कुंकवाची बोटं उमटलेली, हळद, झेंडूच्या पाकळ्या, आणि त्या सगळ्यावर मूठभर अक्षता. झुलालच्या हातात नारळ, आणि तो नारळ अगदी इंजिनाच्या वर.

मी किंचाळले. "झुलाल! थांब! नारळ खाली घे!"

"अक्का, वाढवी देऊ द्या ना..."

"चाकाशी फोड! बोल्टच्या भोकात नारळाचं पाणी गेलं, तर पाना खोटा आकडा दाखवील! आणि हे सगळं उचल. एकेक दाणा उचल!"

"अक्का, देवनं शे. कोनी उचलस का?"

"तुझ्या देवाला हेडखाली चिरडायचंय का?"

आई म्हणाली, "माय वं! दसराना दिन काय बोंबली राहिनी? शेजारना काय म्हनतीन?"

मी भुवयांचा चिमटा आणला आणि दाणे वेचायला बसले. कुंकू ओलं, त्यामुळे दाणे पत्र्याला चिकटलेले. एक दाणा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर बसला होता. तो मी चिमट्यात धरला, आणि अमृत, माझा हात तिथेच राहिला.

मी उठले. खिळ्यावरचं जुनं गॅसकेट उतरवलं, उजेडात आणलं. त्याच पट्टीवर, काळी रेघ जिथून सुरू होते तिथे, तांब्यात एक खोलगट खूण आहे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती. इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर लटकत होती. मी चिमट्यातला दाणा त्या खुणेत ठेवला. तो बसला. फणसाच्या गऱ्यात आठळी बसावी तसा बसला.

मी आईला विचारलं. आवाज अगदी साधा ठेवून विचारलं, "आई, आबा होते तेव्हाच्या शेवटच्या दसऱ्यालाही गाडी अशीच उघडी होती ना गं?"

"व्हती ना. तुम्ही दोन्ही जेवाले बठनात. म्हनं, गाडीनं पोट उघडं शे, आजना दिन कोऱ्या कपाळनी कशी ठेवो? मी पूजा करी लिधी. मंग फूलं, पानं बठ्ठं मीच उचली लिधं. अमृतले राग येस म्हनीसन."

बठ्ठं, सगळं उचललं तिने. एक दाणा राहिला. आपण पुरणपोळी खाऊन बाहेर आलो, तू आणि आबांनी हेड उचलून त्याच्यावर ठेवलं, मी वाचलं, तू आवळलंस. दाणा महिनाभर आत जळत राहिला आणि त्याच्या जागी जी फट पडली ती पारोळ्याला उघडली.

तर हे असं आहे. मी आकडा बरोबर वाचला होता. तू बरोबर आवळलं होतंस. बारा वर्षं मी रात्री पुस्तकाचं ते पान उघडून तपासलंय, पन्नास म्हणायच्या जागी मी साठ तर म्हटलं नव्हतं ना. आणि तू तिकडे काय तपासत असशील ते पान्याला लावलेल्या तेलावरून मला कळलं.

मी इतकी चिडलेय की काय सांगू. कोणावर चिडू? त्या बाईवर, जी रोज विचारते की तू जेवलास का? ती काल रात्री कुंकवाची बोटं पुसत मला म्हणाली, "आते गाडी चालीच. देवना हात लागना." मी हो म्हटलं. तिला हे कधीही कळता कामा नये. तिच्या हातच्या एका दाण्यापायी तिच्या लेकाला बापाचं तोंड दिसलं नाही, हे तिने शेवटच्या वर्षांत कशाला ऐकायचं? तू मला आणखी बारा वर्षं ब्लॉक करून ठेव, पण तिला सांगू नकोस.

आणि हा माझा राग, जो मी इतका जपून ठेवला होता, तो कुठे ठेवू ते कळव. घरात जागा खूप झालीय, पण त्याला कुठलीच जागा बरोबर वाटत नाही.

हेड संध्याकाळी बसवलं. मी आकडे वाचले, झुलालने मधल्या बोल्टपासून तुझ्या पान्याने आवळलं. तीन वेळा फिरला. स्वल्पविरामाला मी थांबले नाही.

अक्का

जळगाव, १३ ऑक्टोबर

अमृत,

काल रविवार. नेहमीप्रमाणे तुझा फोन आला, आईने नेहमीप्रमाणे स्पीकर लावला, आणि मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायला लागले. बारा वर्षांत तुझ्या या फोनपायी माझ्या दोन कढया पोचल्या आहेत.

तू गुडघ्यांचं विचारलंस, गोळ्यांचं विचारलंस. मग म्हणालास, "आई, दसऱ्याला गाडीची पूजा केली का?"

माझ्या हातात पळी होती. ती मी वाजवली नाही.

आई म्हणाली, "करी ना! दर सालले करस मी. कामिनी बोंबलनी, पन करी."

आईने, फोन लागलेला आहे ना, म्हणून तो हलवून बघितला. मी दारापाशी आले होते. मला वाटलं, आता बोलेल हा, आता सांगेल. मी आईच्या हातातून फोन काढून घ्यायला पुढे झालेसुद्धा.

तू म्हणालास, "करत जा."

मग विचारलंस, जेवलीस का.

अमृत, तू वाईट आहेस. माझं ऐकलंस, आणि माझं ऐकलंस असं मला सांगायचं सोडून आईला सांगितलंस. मी भांडी घासायला घेतली. ती घासलेलीच होती.

गाडी चालते. बांभोरीच्या पुढे पाळधीपर्यंत नेली, परत आणली. काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. तेल तेलासारखं आहे. झुलाल सगळ्यांना सांगत फिरतो की पूजा केली म्हणून चालली. आईही तेच सांगते. मी दोघांनाही काही म्हणत नाही, आणि हे माझ्या स्वभावाला फार जड जातंय.

अक्का

जळगाव, १५ नोव्हेंबर

अमृत,

पत्रिका मिळाली. पाकिटावरचं अक्षर तुझं. पत्ता पूर्ण, पिनकोडसकट. नाव मात्र कोणाचंच नाही. आईचंही नाही, माझंही नाही. एवढा बँकेत चाळीस वर्षं काम केलेला माणूस, पाकिटावर नाव लिहायचं राहतं का? मी ते पाकीट दिवसभर टेबलावर ठेवलं आणि येता-जाता त्याच्यावर चिडले. संध्याकाळी आई म्हणाली, "नाव काबर लिखीन? घरले पत्रिका येस त्यावर कोनी नाव लिखस का?"

तिला वाटतं ते वाटू दे. मी मात्र ठरवलंय की ड्रायव्हर म्हणूनच येतेय.

आम्ही गुरुवारी सकाळी निघतो. हळद शनिवारी, लग्न रविवारी, म्हणजे आधी एक मोकळा दिवस मिळतो. तो मुद्दाम ठेवलाय, कारण खाली लिहिलंय. सावकाश येऊ. पारोळ्याला मी थांबणार आहे. चहासाठी. आईला वाटेल तिच्या पायांसाठी थांबले.

आता कोणाला काय, ते नीट वाच. तिथे पोचल्यावर गडबडीत बोलणं होणार नाही, किंवा झालंच नाही तर हे तरी असू दे.

गाडी रूपालीची. लग्नाच्या दिवसापुरती नाही, कायमची. कागद तिच्या नावावर करायला दिले आहेत. मला विचारून उपयोग नाही आणि तुला तर मी विचारतच नाही. तिला सांग, फुलं लावायची तर चिकटपट्टीने रंगावर लावू नको, आबांनी तो रंग स्वतः उभं राहून निवडला होता. आणि मांजरीचं एक पिल्लू मागच्या सीटखालून निघायला तयार नाही. ते गाडीबरोबर येईल.

किल्लीला आबांची ती पितळी साखळी आहे. किल्ली तिला दे, साखळी तू ठेव.

झुलालला मी आबांचा पान्यांचा डबा दिला. त्यात मीटरवाला एकही पाना नाही, त्यामुळे तो फार खूश आहे. लग्नाला येणार म्हणतोय. त्याला मांडवात नारळापासून लांब बसवा.

निळा टॉवेल माझा. त्यावर चर्चा नाही.

आईला हळदीच्या वेळी पुढच्या रांगेत खुर्ची, पाठीला उशी, आणि पूजेचं तबक तिच्याच हातात द्यायचं. अक्षता तिने जितक्या टाकायच्या तितक्या, जिथे टाकायच्या तिथे टाकू देत. तू मध्ये पडू नकोस.

जुनं गॅसकेट तुझं. ते पुठ्ठ्यात घालून, आईच्या साड्यांच्या पिशवीखाली डिकीत ठेवलंय. ती आत गेल्यावर काढून घे. ठेवायचं तर तुझ्या त्या पत्रांच्या कपाटात ठेव. नको असेल तर भंगारात घाल, मला सांगायची गरज नाही. पण आधी एकदा उजेडात धरून बघ. बोट फिरवून बघ. मग घाल.

आबांचा पानाही तुझा, परत आणतेय. पण तो लगेच कपाटात ठेवू नकोस. नवीन गॅसकेट पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर दबून बसतं, मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावे लागतात. गरम असताना नाही. पुस्तकात तसं स्पष्ट दिलंय, पण तुला पाठच असेल. पाळधीच्या फेऱ्या धरून धुळ्याला पोचेपर्यंत तेवढं अंतर होतं. झुलाल म्हणत होता, इथेच उरकून घेऊ. मी त्याला हात लावू दिलेला नाही.

गाडी गुरुवारी रात्रभर तुझ्या अंगणात थंड होईल. शुक्रवारी सकाळी, हळदीची माणसं जमायच्या आधी.

पुस्तक मी कोणालाही देत नाहीय. ते माझ्याकडेच राहील.

लोखंडी बादली तुझ्याकडे गेली, हे मला मागेच रूपालीने सांगितलंय. तिच्यात तुळस लावली असेल तर राहू दे, मी पायरीवर बसेन. रिकामी असेल तर उलटी घालून ठेव.

कामिनी अक्का